अश्वशक्तीचा रकाना

जुनी बोरी, जि. यवतमाळ
९ जून २०२५

नयन,
जयभीम.

एका फॉर्ममधला एक रकाना मला भरता येत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. दुसरं कारण नाही. तू माझा फोन नंबर बंद करून ठेवला आहेस. टपाल बंद करता येत नाही, म्हणून टपाल.

गावाला बोट मंजूर झाली आहे. उकंडाचा लाकडी डोंगा आता अर्धा पाण्यात आणि अर्धा सरपणात गेला. नवी बोट म्हणजे खाली दोन लांब बंद नळकांडी, वर सपाट फळी, कठडा आणि छप्पर. पॉन्टून म्हणतात. तू खाडीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, तुला मी काय सांगायचं. वीस फूट लांब, आठ फूट रुंद. सांगाडा अमरावतीला तयार होतो आहे. इंजिन मात्र 'गावाच्या गरजेनुसार' मिळणार आणि ती गरज आम्ही कळवायची. बोट समितीची सचिव मी आहे. रकान्याचं नाव 'इंजिनची अश्वशक्ती'. मुदत वीस जून.

मी इतिहास घेऊन बी. ए. झाले. अश्वशक्ती म्हटलं की मला घोडदळ आठवतं.

धरणाचं पाणी तुला माहीत आहे. आषाढात पायवाट बुडते ती पौषापर्यंत वर येत नाही. जंगलातून एकतीस किलोमीटरचा फेरा, तोही चिखलाचा. समोर सडकेचा काठ दिसतो, एसटी थांबलेली दिसते, पण मध्ये दीड किलोमीटर पाणी. चाळीस घरं इथे राहिली आहेत, कारण त्यांची शेतं इथे राहिली.

घाईचं कारण उर्वशी. उकंडाची सून. तिचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी याच काठावर गेलं. डोंगा पलीकडे होता आणि वारा सुटला होता. आता भाद्रपदाच्या शेवटी तिचे दिवस भरतील. रक्तदाब जास्त आहे. पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं आहे की कळा सुरू झाल्यावर दोन तासांच्या आत ती त्यांच्यासमोर हवी. बोट त्याआधी चालू झाली पाहिजे आणि वाऱ्यातही चालली पाहिजे.

किती अश्वशक्ती लिहू? फक्त आकडा कळव. बाकी काही लिहिण्याची सक्ती नाही.

वत्सला

•

२१ जून २०२५

नयन,

तुझं उत्तर आलं नाही. काल फॉर्म दिला. दहा लिहिलं.

कसं लिहिलं ते तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

समितीची बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी म्हटलं, बोटीच्या पाठीवरच्या पट्टीवर जास्तीत जास्त तीस अश्वशक्ती चालेल असं लिहिलेलं असणार आहे, तेव्हा पाच ते तीसमध्ये आपल्याला ठरवायचं आहे. बाबाराव लगेच उठला. त्याचा आवाज तुला आठवत असेल, माणूस समोर असला तरी शेताच्या पलीकडे असल्यासारखा बोलतो.

"बाई, यात ठरवाचं काय? माह्या हिरीवर पाच एचपीची मोटर हाय. साठ फुटावरून पानी वर फेकते. आता तुमीच सांगा, पानी वर चढवनं जड का पान्यावर चालनं जड?"

"तुही मोटर फेकते कवा? लाइन असते कवा?" धावजी म्हणाला. सगळे हसले.

मैनाबाई तंबाखू मळत बसली होती. ती म्हणाली, "मोटर पानी चढवते, मान्य. पन त्या मोटरीवर तुही बायको बसून जाते का रे, बाबाराव?"

"माही बायको बसली तं पंधरा एचपी लागन."

पुन्हा हसणं. मी टेबलावर पट्टी आपटली. तीस वर्षांची सवय आहे.

पण नयन, हसता हसता त्याचं म्हणणं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. इथे एचपी म्हणजे विहीर. तीनची मोटर गरिबाची, पाचची बऱ्याची, साडेसातची पुढाऱ्याची. पाण्यावरची ओढ कोणी पाहिलेलीच नाही. मी 'तीस' म्हटलं तेव्हा धावजी म्हणाला, "जास्तीत जास्त लिवलं म्हंजे तेवढं लावाचंच असते का? खताच्या थैलीवर बी लिवलं असते." का तीस, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट मी वर्गात कधी शिकवली नाही, तिथेही शिकवू शकले नाही.

हात वर झाले. पाचाला अकरा हात. मी म्हटलं, निदान दहा करा, बारा माणसांची बोट आहे. अर्धा तास भांडून पाचाचे दहा केले. घरी येताना मी स्वतःवर खूश होते, हेही लिहून ठेवते.

दहा पुरेसे आहेत का? आता विचारून उपयोग नाही. तरी विचारते.

वत्सला

•

६ जुलै २०२५

नयन,

तुझं कार्ड काल मिळालं. तारीख चौदा जूनची. तू ते पुसदच्या शाळेच्या क्वार्टरवर पाठवलंस. मी निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, क्वार्टर सोडून दहा वर्षं झाली. नव्या मुख्याध्यापकांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि कोणी बोरीकडे येणारं सापडल्यावर दिलं. त्यांचा दोष नाही. पाकिटावर मी माझा पत्ता लिहिला होता. तू तो वाचला नाहीस. तुझ्या मनात मी अजून तिथेच आहे.

कार्डावर दोन ओळी. '२५. बोटीवर किती माणसं लिहिली आहेत ते नको, किती चढतात ते सांग.'

नमस्कार नाही, ताई नाही. असो. आकडा मागितला होता, आकडा मिळाला.

मी आज सकाळी पलीकडे जाऊन कारखानदाराला फोन लावला. पाणी अजून थोडं आहे, पायवाट चालू आहे. तो म्हणाला, "मॅडम, दहाचं इंजिन निघालं. बदलून घ्यायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी. दिवाळीनंतर येईल." मी म्हटलं, आमची बाई भाद्रपदात आहे. तो म्हणाला, "मग आहे ते घ्या." मी आहे ते घेतलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बोटीवर बारा लिहिलेले असतील. बाजाराच्या दिवशी पंधरा चढू पाहतील, दोन बकऱ्या आणि एखादी मोटरसायकल. मी काठावर असेन तर बाराच चढतील.

उर्वशीची तब्येत ठीक आहे. दिवस भरण्याच्या पंधरा दिवस आधीच तिला पुसदला मावशीकडे नेऊन ठेवायचं ठरलं आहे, त्यामुळे वाऱ्याचा प्रश्न बहुधा येणारच नाही. ती काल मला म्हणाली, "बाई, नाव आली का पयले मीच बसीन. मंग हिरोईनवानी हात हालवीन."

मी तिला म्हटलं, हात हालवू नकोस, कठडा धर.

वत्सला

•

४ ऑगस्ट २०२५

नयन,

बोट आली. शनिवारी पाण्यात उतरवली. नारळ फोडला, बाबारावने भाषण केलं. उकंडाने सुकाणू धरलं. सत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर वल्हं मारलं, आणि इंजिनची दोरी ओढताना त्याचे हात नव्या नवरीसारखे लाजत होते. पहिल्या झटक्याला सुरू झालं. अकरा मिनिटांत पलीकडे. मी घड्याळ लावून पाहिलं. परत येताना बारा.

बाबाराव मला म्हणाला, "पाहा बाई, दहाच सांगितलं ते बरं झालं ना? पाचात बी झालं असतं."

पाणी त्या दिवशी ताटासारखं होतं. वाऱ्यात चालवून पाहायला हवं होतं. मी उकंडाला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "वारा आला का पाहू. बोलावून थोडीच येते." त्यानंतर दोनदा वारा आला. दोन्ही वेळा बोट बांधून ठेवली. त्यामुळे वाऱ्यात ती कशी चालते हे आम्हाला माहीत नाही.

छपराला बाजूने निळं कापड लावलं आहे, शाळेच्या मुली भिजू नयेत म्हणून. ती कल्पना माझी. छान दिसतं.

माणसं मी मोजते. रोज काठावर उभी राहते, बोट सुटायची कुलूपबंद घंटाही मीच वाजवते. आतापर्यंत एकदाही तेरावं माणूस चढलेलं नाही. गावात मला 'कंडक्टरबाई' म्हणतात, माझ्या कानावर येतं.

तू काही कळवणार असशील तर बोरीच्या पत्त्यावर कळव.

वत्सला

•

३१ ऑगस्ट २०२५

नयन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण त्यांत मी चांगली दिसत होते.

गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, उर्वशीला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. सकाळचे साडेदहा. पश्चिमेचा वारा पहाटेपासूनच होता, पाण्यावर पांढऱ्या रेघा उठत होत्या.

तिला खाटेवर घालून काठावर आणलं. मागोमाग बायका. आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. बाळंतपणाला जाणारी बाई एकटी पाणी ओलांडत नाही, गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक बाई सडकेपर्यंत सोबत जाते. ज्या घरातली जात नाही, त्या घराने मूल नको म्हटल्यासारखं होतं. तू विचारलं होतंस, किती चढतात. मी बाजार मोजला, बकऱ्या मोजल्या, मोटरसायकल मोजली. हे मोजलं नाही. चौदा बायका, उर्वशी, तिचा नवरा ऋतिक, खाट धरणारे दोघं आणि उकंडा. एकोणीस.

मी म्हटलं, सात जणी उतरा. कोणी उतरलं नाही. मैनाबाई म्हणाली, "बाई, मोजाचा दिवस हाय का आज? कोनाले उतरवता? ज्या घरची उतरन तिले तिची सासू जलमभर बोलन." तीस वर्षं शाळा माझ्या एका नजरेवर चालली, आणि त्या दिवशी चौदा बायकांपुढे माझी नजर चालली नाही.

मग, अकराला पाच मिनिटं कमी असताना, उकंडाने मला विचारलं. हे नीट वाच. तो म्हणाला, "बाई, वारा हाय. अर्धा घंटा पाहाचं का?"

अकरा वर्षांपूर्वी तोच काठ, तोच वारा. खाटेवर माय होती, छातीत कळ येत होती. तू डोंगा सोडायला निघाला होतास आणि मी तुझा हात धरून म्हटलं, वारा पडू दे. माय गेली. तू मला एवढंच म्हणालास, "तू थांबवलंस." आणि निघून गेलास. तेव्हापासून त्या शब्दाला मी घाबरते.

म्हणून मी उकंडाला म्हटलं, "थांबायचं नाही. निघा."

अर्ध्यापर्यंत बोट गेली. मग काय झालं ते मला काठावरून दिसत होतं आणि कळत नव्हतं. इंजिनचा आवाज वाढत गेला आणि बोट जागेवरच उभी. मी समोरच्या काठावरचं पळसाचं झाड आणि बोटीचा कठडा एका रेषेत धरून पाहत होते. पाच मिनिटं रेष हलली नाही. निळं कापड शिडासारखं फुगलं होतं. मग रेष हलली, पण उलटी. बोट आडवी झाली आणि बुडालेल्या सागांच्या खोडांकडे सरकू लागली. मी ओरडले, कापड फाडा. पाऊण किलोमीटर पाण्यावर, त्या वाऱ्यात, कोणाला ऐकू जाणार? तरी ओरडत राहिले. शेजारी बाबाराव होता. तो ओरडत नव्हता. तो नुसता म्हणत होता, "पाच कायले म्हनलं मी, पाच कायले म्हनलं."

खोडांत पंखा अडकला. तिथून त्यांना जंगलाच्या काठाला लागायला तीन वाजले. ऋतिक आणि ते दोघं गळ्याइतक्या पाण्यात उतरून बोट ढकलत होते.

मुलगी बोटीवरच झाली. मैनाबाईने सोडवली. नाळ मानेभोवती होती. ती रडली नाही. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, वेळेत आली असती तर काही अवघड नव्हतं.

उर्वशी पुसदला आहे. जिवंत आहे. काल भेटून आले. ती भिंतीकडे तोंड करून होती. मी पाऊण तास बसले. निघताना तिने न वळता विचारलं, "बाई, थांबलो असतो तं?"

त्या दिवशी वारा साडेअकराला पडला, नयन. अर्धा तास आणि वर थोडा. उकंडा बरोबर सांगत होता.

आता जे आधीच्या दोन पत्रांत नव्हतं ते. मायच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं, पाच वाजता निघू, तोपर्यंत वारा पडेल. तू उकंडाच्या भावाकडे दुसरं वल्हं आणायला गेला होतास. वारा चारला पडला. पाणी शांत झालेलं मी पाहिलं. उकंडाने माझ्याकडे पाहिलं, पण बाईंनी पाच सांगितलं होतं. मी घड्याळ पाहत बसले. मनात म्हटलं, पुन्हा सुटला तर? मला पोहता येत नाही, आणि मायसोबत मलाच जायचं होतं. चार चाळीसला माय गेली. तू वल्हं घेऊन परत आलास तेव्हा वारा पुन्हा सुटलेला होता, म्हणून तुला वाटलं की तो थांबलाच नव्हता.

तू मला ज्यासाठी दोष दिलास ते थांबवणं बरोबर होतं. ज्यासाठी द्यायला हवा होता ते तुला माहीत नव्हतं.

मी माफी लिहीत नाही. तो रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

वत्सला

•

५ ऑक्टोबर २०२५

नयन,

मंगळवारी सडकेच्या काठावर एक मालट्रक थांबला. ड्रायव्हरने लाकडी खोका उतरवला आणि म्हणाला, "बोरीवाल्या ताईंचा माल कोण घेणार?"

'बाई' मला सगळे म्हणतात. 'ताई' म्हणणारा एकच आहे. खोक्यावर पत्ता बोरीचा होता, पिनकोडसकट.

आत पंचवीसचं इंजिन. वापरलेलं, पण उघडून, साफ करून, नवीन रंग देऊन. चिठ्ठी इंजिनच्या झाकणाखाली होती: 'पंखा ओढीचा बसवला आहे, वेगाचा नाही. बाजूचं कापड काढा. चालवणाऱ्याने लाल दोरी मनगटाला बांधायची, तो पडला तर इंजिन बंद होतं.' माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. पत्र मिळालं का, हेही नाही. मिळालं असावं, नाहीतर कापडाचं तुला कसं कळलं असतं?

काल वारा होता. उकंडाने एकोणीस माणसं मुद्दाम बसवली, मीही बसले. आयुष्यात पहिल्यांदा वाऱ्यात त्या पाण्यावर गेले. कठडा दोन्ही हातांनी धरला होता. बोट हळू गेली, पण गेली. पळसाचं झाड मोठं होत गेलं. सतरा मिनिटं. बाबाराव पुढे बसला होता, तोंड झाकून. कोणी हात वर केले नाहीत, कोणी नारळ फोडला नाही. उर्वशी काठावर आली नव्हती.

एवढंच लागत होतं, नयन. दहाच्या जागी पंचवीस. एका रकान्यात एक आकडा.

उतरल्यावर मी उकंडाला म्हटलं, आजपासून वारा तुमचा. निघायचं की थांबायचं, किती माणसं घ्यायची, हे तुम्ही ठरवायचं, मी नाही. कागदावर लिहून देते.

तो म्हणाला, "बाई, कागदावर कायले लिवता? वारा कागद वाचते का?"

मी म्हटलं, मी वाचते.

प्रत सोबत जोडली आहे, तुझं इंजिनही त्यातच लिहिलं आहे. देणाऱ्याच्या जागी तुझी सही हवी. दोन प्रती आहेत. एक ठेव, एक परत पाठव, किंवा घेऊन ये.

तुझी
ताई

•

ताबा पावती
स्थळ: जुनी बोरी, धरणाचा काठ. दि. ५ ऑक्टोबर २०२५

नयन मनवर यांच्याकडून बोट समितीस मिळाले:

बोटीचे इंजिन, पंचवीस अश्वशक्ती, वापरलेले, चालू स्थितीत. एक नग.
पंखे, एक बसवलेला, एक जादा. पेट्रोलची टाकी, नळीसह. लाल दोरी.

वत्सला मनवर, सचिव, यांच्याकडून उकंडा यांस दिले:

दहा अश्वशक्तीचे इंजिन, पंखा वाकलेला. बाजूचे निळे कापड, फाटलेले, घडी करून.
काठावरच्या घंटेची किल्ली.
वाऱ्यात निघण्याचा किंवा थांबण्याचा निर्णय. यापुढे सचिवांनी तोंड घालू नये.

वत्सला मनवर यांच्याकडून नयन मनवर यांस, या पावतीसोबत पार्सलने:

मनगटी घड्याळ, चावीचे, चालू. एक नग. ११ ऑगस्ट २०१४ रोजी दुपारी चार ते चार चाळीस हेच पाहिले होते.

घेणार: उकंडा, डाव्या अंगठ्याची निशाणी.
साक्षीदार: मैनाबाई, सही. बाबाराव, सही.
देणार: वत्सला मनवर, सही.
देणार व घेणार: नयन मनवर. (जागा मोकळी ठेवली आहे.)